जावयाची जावा

जावा मोटरसायकल घ्यायची असेल तर आम्हा माळव्यातल्या लोकांइतकं नशीबवान कोणी नाही. म्हैसूरचा जुना कारखाना 1996 मध्ये बंद पडला, मग पुष्कळ वर्षं सगळं सामसूम होतं, आणि 2018 च्या नोव्हेंबरात हे नाव पुन्हा बाजारात आलं ते आमच्या माळव्यातल्याच धार जिल्ह्यातल्या पीथमपूरहून. आमच्या हाटपिपल्याहून देवास, देवासहून इंदूर आणि इंदूरच्या पलीकडे पीथमपूर. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालेला माणूस कारखान्याचं फाटक बघून दाल-बाफल्यांच्या वेळेला घरी येऊ शकतो. माझा भाचा तिकडेच एका कंपनीत नोकरीला आहे. त्याने नवी जावा हप्त्यांवर घेतली. बटण दाबतो, गाडी चालू होते, तो जातो. या व्यवहारात पुरुषार्थ कुठे आहे, ते त्याला अजून सांगता आलेलं नाही.

माझी जावा 1968 सालची. माझी म्हणजे सासऱ्यांची. ते गेल्यावर वाटण्या झाल्या, त्यात मेहुण्यांना जमीन मिळाली आणि जावयाला सोयाबीनच्या पोत्यांमागे पडलेली ही गाडी. "तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, तुम्हीच हिचं काहीतरी करू शकाल," असं मोठे मेहुणे म्हणाले आणि मला ते कौतुक वाटलं.

मी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवत असे. टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती फळ्यावर मी वर्गाकडे तोंड करून, पाठीमागे हात नेऊन काढत असे, आणि ती काढून झाली की मुलं टाळ्या वाजवत. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये मिश्रण ओढलं जातं, खाली येताना तेच वर ढकललं जातं. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, भिंतीतल्या भोकांवर सगळा कारभार. इतकं सोपं यंत्र दुरुस्त करायला मिस्त्री कशाला हवा, असा माझा रास्त प्रश्न होता. खडूचं इंजिन माझ्या हातून एकदाही बंद पडलं नव्हतं.

खरं म्हणजे मला ती नुसती दुरुस्तही करायची नव्हती. मोबाइलवर मी परदेशी गाड्यांचे फोटो साठवले होते: बुटकं हँडल, एकाच माणसाची सीट, मडगार्ड कापलेले, सगळा रंग काळा आणि त्यावर बसलेला दाढीवाला माणूस. दाढी मी आधीच सुरू केली होती. पण देवासला आरटीओत ओळखीचा एजंट निघाला, त्याने चहा पाजून माझं स्वप्न कायद्याच्या भाषेत समजावलं. नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर 2021 च्या नियमांनुसार ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात व्ही-ए अशी अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. मडगार्ड कापलेत की व्हिंटेज संपलं. आणि व्हिंटेज न करता कापलेत तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कारखान्यातून आली त्यापेक्षा गाडी वेगळी करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये बजावलं आहे. "और सर, विंटेज गाड़ी रोज़ नहीं चला सकते," तो म्हणाला. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. शेवटचा शब्द ऐकून मी निश्चिंत झालो. माझ्या हातची गाडी बारा महिने कायदेशीर राहणार होती.

तर मूळ रूप. जावाचं मूळ रूप म्हणजे अडीचशे सीसी, एकच सिलिंडर, आणि त्या एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचं नवल वाटेल. आम्हाला नाही. देवास या एवढ्याशा गावात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं, दोन राजे, दोन राजवाडे पिढ्यान्‌पिढ्या नांदले. तिथे एका सिलिंडरने दोन नळकांडी सांभाळली तर काय बिघडलं? किक मारायचा दांडाही तोच आणि गिअर टाकायचाही तोच. गाडी चालू झाली की तो आत दाबून पुढे वळवायचा, की झाला गिअर. गिअर बदलताना क्लच नाही दाबला तरी चालतं, कारण दांड्याच्या दाबानेच क्लच सुटतो. 1929 साली प्राग शहरात ज्यांनी हे नाव काढलं, त्या यानेचेक साहेबांच्या वारसदारांनी हे कोणासाठी केलं असेल ते कळत नाही, पण त्यांना माझा अंदाज आला असावा.

गाडी मी शास्त्रशुद्ध पद्धतीने खोलली. प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर वेगळ्या पुडीत, पुडीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, क्रमांक आणि बाण. प्रयोगवहीची माझी सवय. चिठ्ठ्या कणकेच्या खळीने चिकटवल्या आणि पुड्या लोणच्याच्या रिकाम्या खोक्यात रचून ठेवल्या. उन्हाळी सुट्टीत नातवंडांकडे उज्जैनला जाऊन आलो तेव्हा उंदरांनी खळ, खळीबरोबर चिठ्ठ्या आणि चिठ्ठ्यांबरोबर माझी पद्धत खाऊन टाकली होती. पुढे कित्येक संध्याकाळी मी ओसरीत मांडी घालून बसलो होतो आणि समोर ताटात जावा होती.

तेव्हा मी बसस्टँडजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी. वार्षिक परीक्षेत इंजिनाच्या प्रश्नाला मी त्याला शून्य दिलं होतं. त्याने आकृतीत स्पार्क प्लगच्या जागी फुल काढलं होतं. आता त्याने माझा सिलिंडर दिव्यासमोर धरला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, इसमें तो आपने पढ़ाया वैसा कुछ नहीं बचा." सिलिंडर झिजला होता, त्यावर एक खोल ओरखडाही होता. इंदूरला पाठवून बोअर करायचा आणि एक नंबर मोठा पिस्टन टाकायचा. बाकीचं छोट्या ग्वालटोलीतल्या दुकानांत शोधायचं. तिथे मी दुकानदाराला जावाच्या क्लचमधल्या बुचाच्या गोट्यांचं कार्य समजावून सांगत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मास्टरसाब, हव्या किती ते सांगा.

इंजिन जुळवताना टायमिंग मीच लावणार, असा मी हट्ट धरला. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या तीन-साडेतीन मिलिमीटर आधी ठिणगी पडली पाहिजे, आणि ठिणगी पडते पॉइंट उघडताच. तो क्षण ओळखायला मिस्त्री लोक सिगारेटच्या पाकिटावरचा पारदर्शक कागद पॉइंटमध्ये धरून ठेवतात. कागद सैल सुटला की समजायचं. माझ्याकडे कागद कुठला असणार? संध्याकाळी गुमटीवर जाऊन मी सिगारेटचं पाकीट मागितलं. गुमटीवाल्याने ते देताना हात मागे घेऊन माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी कागद काढून घेतला आणि सिगारेटी परत केल्या, तर त्या तो परत घेईना. शेवटी पाकीट खिशात घालून घरी आलो. बातमी माझ्या आधी पोहोचली होती. "साठी उलटल्यावर?" एवढंच बायको म्हणाली. टायमिंग लावायला आणली असं मी सांगितलं, त्यावर तिने विचारलं की हल्ली असं म्हणतात का.

गाडी पहिल्यांदा चालू झाली तो दिवस वैशाखातला. अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या. मी कार्ब्युरेटरची गुंडी दाबून पेट्रोल ठिबकू दिलं, किक मारली, आणि दांड्याने उलटा फटका देऊन मला पायरीवर बसवलं. पण इंजिन चालू झालं होतं! फट्‌-फट्‌ जरा अडखळती होती, धूर पांढरा आणि भरघोस होता, तरी चालू होतं. क्रँकची सील गळकी राहिली की इंजिन गिअरबॉक्समधलं तेलही ओढून जाळतं, तो हा धूर. गल्लीत खिडक्या बंद झाल्याचे आवाज आले आणि पलीकडच्या भाभीजींनी ओरडून विचारलं, नगर परिषदेची मच्छरवाली गाडी आली का? मी अभिमानाने गाडीवर बसलो, पहिला गिअर टाकला, समोरच्या फाटकाकडे बघत अलगद क्लच सोडला आणि सुसाट मागे गेलो.

हे भौतिकशास्त्रात अगदी बसतं. टू-स्ट्रोकमध्ये भोकं पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच झाकतो, त्यामुळे क्रँक कोणत्या दिशेने फिरतो आहे याचं भोकांना सोयरसुतक नसतं. ठिणगी फार लवकर पडली तर किक उलटते आणि इंजिन उलट्या दिशेने आनंदाने चालू लागतं. मग गिअर पुढचा असला तरी गाडी मागे जाते. हा विचार मी खाटेवर, कुरडयांमध्ये बसून केला. गाडी माझ्या मांडीवर टेकली होती आणि तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. मिस्त्री धावत आला, आधी त्याने इंजिन बंद केलं आणि मग हात जोडून म्हणाला, "सर, रिवर्स गियर तो कंपनी ने भी नहीं दिया था!" कुरडयांविषयी पुढे बरेच दिवस बोललं गेलं. त्यातलं मुख्य वाक्य असं, की बाबांची जावा मागे जात नव्हती.

बाबांची जावा काय काय करत नव्हती आणि काय काय होती, हा त्यानंतर सार्वजनिक प्रश्न झाला. आमचं गाव राजकारणात मुरलेलं. 1977 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झालेले कैलाश जोशी इथलेच. तेव्हा कुठल्याही ओट्यावर मंत्रिमंडळ भरतं आणि दर खात्याला दोन मंत्री असतात. सासऱ्यांच्या गाडीची टाकी मरून होती असं निवृत्त पटवारी म्हणाले, काळी होती असं किराणावाले शेठ म्हणाले. एकाला हँडलवर आरसा आठवत होता, दुसऱ्याला आरशाऐवजी पिपाणी. एक दूधवाले काका रोज येऊन सांगत की ही गाडी ती नव्हेच, ती राजदूत होती. मूळ रूप जपा असा नियम करणाऱ्यांनी अशा ओट्यावर कधी संध्याकाळ काढली असेल असं मला वाटत नाही. शेवटी मरून रंग आणि टाकीच्या बाजूंना क्रोमचे पट्टे, असं मी ठरवलं, म्हणजे बायकोने ठरवलं. सोनेरी रेघा मारायला ट्रकांवर लिहिणारा पेंटर बोलावला. रेघा त्याने श्वास रोखून, एका दमात मारल्या. हात लावावासा वाटेल अशा. रंग थोडा उरला म्हणून मागच्या मडगार्डावर स्वतःच्या मनाने 'माँ चामुंडा की कृपा' लिहिलं आणि बाजूला देवासची टेकडी काढली. मी जन्मभर पाहिलेल्या कस्टम गाडीच्या स्वप्नातलं तेवढंच काय ते प्रत्यक्षात उतरलं.

पाऊस सुरू झाला, सील बदलली, टायमिंग मिस्त्रीने पाच मिनिटांत लावलं. माझ्या सिगारेटच्या कागदाने लावलं, हे नोंदवून ठेवतो. तरी गाडी थंड असली की रुसायची. तेव्हा गावातली वडीलधारी माणसं धीर द्यायची. डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, आमच्याकडे नृसिंहाची पाषाणाची मूर्ती नदीत सोडतात आणि ती पाण्यावर तरते. किती वेळा तरली त्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात. जिथे दगड तरतो तिथे लोखंड चालायला काय हरकत आहे, मास्तर? त्या वर्षी मूर्ती तरली आणि आठवड्याभराने जावा पहिल्या किकमध्ये चालू झाली. मी दोन्हींचं श्रेय घेतलं नाही, पण कुणी दिलं तर नाकारलंही नाही.

मग बागलीच्या रस्त्याने पहिली सफर. पेट्रोल पंपावरच्या मुलाला टाकीत पेट्रोलबरोबर तेलही घालायचं हे पटेना. त्याने मालकाला बोलावलं, मालकाने स्वतःच्या वडिलांना. नवा पिस्टन असला की लिटरला नेहमीच्या चाळीस मिलिलिटरपेक्षा थोडं जास्तच तेल घालावं आणि पहिले काही दिवस गाडी चाळिशीच्या पुढे नेऊ नये, असं मिस्त्रीने बजावलं होतं. मी तसाच जात होतो. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली, हवा सुरेख, दोन्ही सायलेन्सर एकमेकांना दाद देत होते. इतक्यात सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली मला मागे टाकून गेली, आणि पोत्यांवर बसलेल्या पोराने मला हात करून "चलो दादाजी!" म्हटलं.

ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावतो. अकरावीचा धडा, मी कंठस्थ शिकवलेला. ट्रॉलीला मागे टाकल्यावर थोड्याच अंतरावर मागचं चाक एकाएकी जागीच आवळलं, मी क्लच दाबला आणि गाडी शांतपणे कडेच्या बाभळीखाली जाऊन थांबली. ट्रॉली पुन्हा पुढे गेली. पोराने पुन्हा हात केला.

भाच्याला फोन केला. तो सुट्टीवर घरी आला होता; शेतातून तसाच आला. त्याची जावाही मरूनच, क्रोमच्या पट्ट्यांची, दोन सायलेन्सरवाली, जुनीसारखीच दिसावी म्हणून मुद्दाम तशी घडवलेली. पण काळ्या मातीचा चिखल तिच्या हँडलपर्यंत चढला होता. पिस्टन निवून सुटला होता तरी इंजिनाला पुन्हा हात लावू नका, असं मिस्त्रीने फोनवरून सांगितलं. मग आम्ही दोरी बांधली. पुढे चिखलाने माखलेली 293 सीसीची पीथमपूरची जावा आणि मागे माझी, नव्या रंगात झळकणारी, माँ चामुंडा की कृपा. कायद्याने माझ्या बाजूला काहीच खोट नव्हती, दुरुस्तीसाठीच चाललो होतो.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीशी वेग कमी झाला. बाकावर बसलेला एक म्हातारा उठून रस्त्यावर आला, त्याने दोन्ही गाड्या नीट न्याहाळल्या, भाच्याच्या चिखललेल्या टाकीवर प्रेमाने थाप मारली आणि माझ्याकडे करुणेने बघून म्हणाला, "नई वाली बंद पड़ गई ना, साहब? देखो, पुरानी कैसी खींच रही है."

खुलासा करायला भाच्याने मान वळवली, तोंड उघडलं. मी मागून कचकन ब्रेक दाबून दोरी ताणली.