ऊसवाल्याला चहाचा डोंगर दाखवताना

श्रीलंकेचा डोंगराळ चहामुलूख कसा पाहावा, यावर पुस्तकं रग्गड आहेत. पण सोबत बारामती-इंदापूर पट्ट्यातला ऊस बागायतदार असेल तर काय करावं, याबद्दल एकातही चकार शब्द नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील नियम. आमच्या पिंपळीच्या दाजींशी त्यांचं साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा आणि ताईच्या कानावर घालू नये.

नियम पहिला, हंगामाचा. नुवारा एलिया-डिंबुलाच्या बाजूला उत्तम चहा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, तेव्हा आपल्याकडे तोड चालू असते. पलीकडच्या उवा भागात कोरडे वारे सुटून चहाला चव चढते ती जुलै ते सप्टेंबरात, तेव्हा आडसाली लागण. म्हणजे दोन्ही हंगाम उसाने आधीच अडवलेले. फड रिकामा झाला की कालव्याची पाळी सुटायच्या आत दाजींना उचलून विमानात बसवावं.

नियम दुसरा, रेल्वेचा. कँडीहून एलाकडे आगगाडीनेच जावं, मात्र निघण्याआधी मार्ग चालू आहे ना याची खात्री करावी. त्या डोंगरात दरडी कोसळतात. नुवारा एलियाला जाणाऱ्यांनी नानू ओयाला उतरायचं असतं, हे झोपणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावं. पुढे पट्टीपोला, उंची १,८९८ मीटर. देमोदरा इथे रूळ डोंगराला वळसा घालून स्टेशनाच्याच पोटाखालून जातात. १९२१ सालचा नऊ कमानींचा पूल बघून परदेशी मंडळी किंचाळतात. दाजी म्हणतात, ‘‘बांधकाम एक नंबर. पण पाणी कुठंय?’’ उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नये.

नियम तिसरा: एकरी उतारा विचारू देऊ नये.

नियम चौथा, इतिहासाचा. या बेटावर आधी कॉफी होती. १८६७ साली जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलकंदेरा इथे १९ एकरांत चहा लावला. दोनच वर्षांत कॉफीवर तांबेरा दिसू लागला, पुढे बागाच्या बागा बसल्या आणि सगळे चहाकडे वळले. हे सांगावं, पण ‘तांबेरा’ हा शब्द टाळून. एकदा उच्चारलात की ‘‘मग फवारलं काय?’’ इथून सुरू होऊन गेल्या साली कोणत्या वाणावर किती पडला, इथपर्यंत जेवण गार होतं.

होर्टन प्लेन्सचा ‘वर्ल्ड्स एन्ड’ कडा सकाळी लवकर गाठावा. दिवस वर आला की खालची आठशेहून अधिक मीटरची दरी धुक्यात गडप होते. सीता एलियाचं मंदिर जरूर दाखवावं. तिथे दाजी शहाण्यासारखे वागतात.

नियम पाचवा, प्रत्यक्ष चहा पिण्याचा. हा सर्वांत नाजूक. कारखान्यात पाला सुकवणं, मळणं, आंबवणं, भाजणं हे सगळं दाजी तल्लीन होऊन पाहतात. मग पेल्यात सोनेरी, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा येतो. ‘‘हे भांड्याचं विसळण आहे,’’ असं ते मोठ्याने म्हणतात. मराठी कुणाला कळत नाही म्हणून निभावतं. अशा वेळी त्यांना रस्त्याकडेच्या टपरीवर न्यावं. तिथे कोऱ्या चहाबरोबर गुळाचा खडा हातावर देतात. खडा चावायचा, वर घोट घ्यायचा. गूळ भेरली माडाचा. दाजींनी तो बोटांनी फोडून पाहिला, हुंगला, जिभेवर ठेवला आणि पुडकं बांधून घेतलं. परक्या गुळाचा एवढा मान त्यांनी आजवर केला नव्हता.

शेवटचा नियम: मळ्यात वजनकाट्यापाशी थांबू नये. फोटो दोन पानांचा आणि एका कळीचा काढावा आणि निघावं. दाजी थांबले. पाला खुडणाऱ्या बाया तमिळ. त्यांच्या खापरपणज्यांना इंग्रजांच्या काळात कंगाणी, म्हणजे तिथला मुकादम, उचल देऊन घेऊन आला. १९४८ साली यातल्या बहुतेकांचं नागरिकत्वही गेलं, तो प्रश्न पुरता सुटायला २००३ उजाडलं. पोती काट्याला लागत होती, कारकून आकडा लिहीत होता. दाजी पुढे सरकले आणि शुद्ध बारामतीत विचारलं, ‘‘ओल्याची तूट किती धरली?’’ कारकुनाला कळलं नाही. शेजारच्या बाईला मात्र बरोबर कळलं. तिने पोत्याकडे बोट केलं आणि दोन बोटं दाखवली.

‘‘बघ, इथंही काटा मारतात,’’ दाजी बसपर्यंत धुमसत होते. त्या बायांच्या चाळी, ते एका खोलीतले संसार, सगळं त्यांनी न सांगता पाहिलं होतं. मी म्हटलं, ‘‘दाजी, आपल्या फडावर बीडची टोळी कोपीत राहते. नवरा-बायको मिळून एकच कोयता धरता तुम्ही.’’

दाजींनी खिडकीची काच वर केली. ‘‘हवा काय गार आहे रे इथली,’’ म्हणाले.