अर्ध्या र चे गऱ्हाणे

एका कोशाकडे पाठवलेली माझी नोंद परत आली आहे. विषय होता ऱ्, म्हणजे दऱ्या, पायऱ्या, वऱ्हाड या शब्दांत जो आडव्या वळणाच्या छोट्या रेघेने लिहिला जातो तो अर्धा र. संपादकांनी शेरा दिला की हे स्वतंत्र अक्षर नाही, वर्णमालेत त्याला जागा नाही, त्याच्याविषयी स्वतंत्र ग्रंथ नाही. सबब मजकुराच्या दोन ओळी ‘र’ या नोंदीत घ्याव्यात आणि बाकीचा वगळावा.

हा निर्णय चुकीचा आहे असे माझे मत आहे. बाब लहान दिसते, पण तिचा त्रास रोजचा आहे आणि मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला होतो.

र या व्यंजनाची जोडाक्षरात चार रूपे होतात. अर्क, धर्म यांत तो रफार होऊन डोक्यावर बसतो. प्रकाश, चक्र यांत तिरकी रेघ होऊन खाली येतो. ट्रक, ड्रम यांत खालीच, पण काकपदासारखा दुबेळक्या रेघेचा होतो. चौथे रूप हे ऱ्. संपादकांचे म्हणणे असे की पहिल्या तिघांना वेगळी नोंद नसेल तर चौथ्याला का? उत्तर सरळ आहे. प्र मधला र आणि ट्र मधला र यांची निवड शेजारचे अक्षर करते. प ला दांडी आहे, ट ला नाही, एवढाच फरक. तिथे लिहिणाऱ्याला काही ठरवावे लागत नाही आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. ही रूपे खुशाल र च्या नोंदीत राहावीत. रफार आणि ऱ् यांची निवड मात्र अर्थ करतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना निमंत्रण दिले तर गुरुजन येतील, आचाऱ्यांना दिले तर स्वयंपाक करणारे. शेजारचा य दोन्हीकडे तोच, र ही तोच. चिन्ह बदलले की माणसे बदलतात. ज्या चिन्हाच्या अदलाबदलीने अर्थ बदलतो, त्याला दुसऱ्याचे नुसते रूप म्हणून मोकळे होता येत नाही.

फरक केवळ कागदावरचा नाही, तो कानालाही कळतो. दर्या म्हणताना द वर आघात येतो, र् त्याला चिकटतो आणि पहिले अक्षर जड होते. दऱ्या म्हणताना द हलकाच राहतो आणि र् पुढच्या य मध्ये सरकतो. वृत्तांचा अभ्यास केलेल्यांना हे ठाऊक असते. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू धरायचे, पण आघात नसेल तर लघूच धरायचे. म्हणून कुऱ्हाड मधला कु लघू आणि सूर्य मधला सू गुरू. सू तसाही दीर्घ आहे हे खरे. म्हणून हवे तर कर्म मधला क घ्या, तो ऱ्हस्व असूनही रफारामुळे गुरू होतो.

आता हे चिन्ह दुर्मीळ आहे का ते पाहू. मराठीत रा किंवा री ने संपणारे पुल्लिंगी नाम घ्या आणि त्याला प्रत्यय लावा. वारा, वाऱ्यावर. शेतकरी, शेतकऱ्यांना. कर्मचारी, कर्मचाऱ्यांचा. विशेषणांचेही तेच: दुसरा, दुसऱ्या, खरा, खऱ्या, सारा, साऱ्या. म्हणजे हे चिन्ह भाषेचे सामान्यरूपच घडवते, ते काही मोजक्या शब्दांपुरते राखून ठेवलेले नाही. रफार बहुतेक वेळा संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत सापडतो, अर्हता, कार्य, पर्याय यांत. ऱ् मराठीच्या स्वतःच्या घडणीतून येतो. ऱ्हास आणि ऱ्हस्व यांत तर तो शब्दाच्या आरंभीही येतो. संस्कृतातल्या ह्रास, ह्रस्व यांतल्या ह आणि र यांनी मराठी जिभेवर जागा बदलल्या, त्याची ती खूण आहे. आणि नकाशा उघडा. कऱ्हाड आहे, सासवड-जेजुरीकडची कऱ्हा नदी आहे, एक अख्खा प्रांत वऱ्हाड आहे. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले, तेव्हा हे चिन्ह मुखपृष्ठावर आले. नेपाळीतही ते रोजच्या क्रियापदांत चालते आणि काठमांडू खोऱ्यातल्या नेवारी भाषेतही. इतका पसारा असलेल्या गोष्टीला दोन ओळी पुरत नाहीत.

याच्या शेजारी ॡ ठेवून पाहावे. हा दीर्घ लृ. जुन्या अंकलिप्यांतून तो ॠ, ऌ यांच्याबरोबर पाठ करून घेतला जाई आणि पाठ करणाऱ्या मुलाला त्याचा एकही शब्द कधी भेटत नसे, कारण तसा शब्द नाही. संस्कृत वैयाकरणांनाही हे मान्य होते. माहेश्वर सूत्रांत ऋ च्या जोडीला ऌ आहे. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत अ, इ, उ, ऋ यांचे प्रत्येकी १८ भेद सांगितले आहेत आणि ऌ चे १२च, कारण त्याला दीर्घ रूप नाही. ऱ्हस्व ऌ देखील एका कॢप् धातूच्या आधाराने उभा आहे आणि त्यातून आलेली कॢप्ती आपण मराठीत बहुधा ल ला ऋकार देऊन क्लृप्ती अशी लिहितो. तरीही ॡ ला कोशात नोंद मिळायला हवी असे मी म्हणेन. ज्या अक्षराला शब्द नाही ते तक्त्यात कसे आले, ऱ्हस्वाला दीर्घाची जोडी हवी या नियमाने ते कसे टिकले, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. माझा आक्षेप एवढाच आहे की वर्णमालेतली जागा हीच जर कसोटी मानली, तर कधीही न लागणारे अक्षर आत येते आणि रोज लागणारे बाहेर राहते.

कसोटी अधिक उदार असलेली उदाहरणे जगात आहेत. स्लाव्ह लिपीत ꙮ असे अनेक डोळ्यांचे एक ओ आहे. पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात, बहुनेत्र देवदूतांच्या उल्लेखात, लेखनिकाने ते काढले. येफिम कार्स्की या अभ्यासकाने १९२८ मध्ये त्याची नोंद घेतली आणि २००८ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतांच्या मानकाच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतःचा संकेतांक मिळाला. पुढे लक्षात आले की मुळात डोळे दहा आहेत आणि छापले सात, म्हणून २०२२ मध्ये ते दुरुस्तही केले गेले. एका शब्दासाठी एकदा काढलेल्या अक्षराची ही निगा मला अतिशय योग्य वाटते. याच ५.१ आवृत्तीत मराठीच्या ॲ लाही स्वतंत्र संकेतांक मिळाला. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागवले जात असे. अक्षर किती वेळा लिहिले गेले यापेक्षा ते का लिहिले गेले हे सांगता येते की नाही, एवढे पाहिले तर नोंदीचा प्रश्न पटकन सुटतो.

मुळात ऱ् विषयी संदर्भ नाहीत हेही खरे नाही. भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचे इस्की हे मानक १९९१ चे. त्यात र आणि ऱ असे दोन वेगळे संकेत आहेत आणि ऱ ला हलन्त जोडला की हे आडवे रूप उमटते. युनिकोडने तोच संकेत उचलला आणि आपल्या मानकात या रूपासाठी मराठी व नेवारीचे नाव घेऊन नियम लिहिला. नुक्ता दिलेला पूर्ण ऱ तिथे ठेवला आहे तो द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी. मराठीला तो पूर्ण रूपात कधी लागत नाही, लागते ते त्याचे अर्धे रूपच. एवढी गुंतागुंत एखाद्या नव्या वाचकाला समजावून सांगायला कोशाशिवाय दुसरी जागा कोणती?

नोंद नसल्याने काय होते ते रोज दिसते. जुन्या फाँटांत हे चिन्ह धड नव्हते किंवा कुठे आहे ते सापडत नव्हते, म्हणून टंकलेखन करणाऱ्यांनी जागेवर आडवी रेघ मारायला सुरुवात केली. शेतक-यांना. कर्मचा-यांचे. दुस-या. फाँट सुधारले, तरी रेघ राहिली. परिपत्रकांत आहे, बातम्यांत आहे, लग्नपत्रिकेत व-हाडी मंडळी आहेत. ओळ संपत आली की संगणक त्या रेघेवर शब्द मोडतो आणि ‘शेतक’ एका ओळीत, ‘यांना’ दुसऱ्या ओळीत जाते. दृष्टिहीन वाचक ज्या यंत्राकडून मजकूर ऐकतात, त्या यंत्रालाही हा एक शब्द आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

शोधाची गत याहून वाईट आहे. आडवी रेघ मारलेला एक शब्द. ऱ ला हलन्त जोडून केलेला दुसरा. र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन केलेला तिसरा. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून हीही पद्धत चालू ठेवली आहे. दुसरा आणि तिसरा डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात, पण साध्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडत नाही. आणि ते जोडचिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना गळले की शेतकर्यांना असा चौथाच शब्द तयार होतो, रफाराचा आणि चुकीचा. पीकविम्याचा शासन निर्णय शोधणाऱ्या माणसाला समोर काही येत नाही, तेव्हा कागद नाही असे त्याला वाटते. कागद असतो, फक्त दुसऱ्या र मध्ये असतो.

इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्या कळीवर शिफ्ट दाबले की ऱ येतो, मग हलन्त, मग य. तीन कळा. हे शिकवायला दोन मिनिटे लागतात. पण ज्याला शिकायचे आहे त्याने शोधायचे कशाच्या नावाखाली? र ची नोंद उघडून त्याच्या उगमापासून ब्राह्मी लिपीतल्या रूपापर्यंत सगळे वाचत खाली दोन ओळींशी यायचे, हे कोणी करत नाही. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाने अक्षरांना नोंदी दिल्या आणि एकेक अक्षर आजच्या वळणाला कसे आले ते सांगितले. तेव्हा संगणक नव्हता, शोधात शब्द हरवण्याची अडचण नव्हती. आज ती आहे, म्हणून आजची गरज त्याहून मोठी आहे.

मी नोंद पुन्हा पाठवली आहे. इतिहासाचा भाग मागे घेतला आणि उपयोगाचा पुढे आणला. सुरुवातीला दर्या-दऱ्या आणि आचार्य-आचारी, मग रा-री ने संपणाऱ्या नामांचा नियम, मग संगणकातल्या तिन्ही पद्धती एकाखाली एक आणि त्यांतली कोणती वापरावी ते. सोबत इस्की आणि युनिकोडचे संबंधित नियम जोडले आहेत. शीर्षकात केवळ चिन्ह न ठेवता ‘ऱ् (अर्धा र)’ असे लिहिले आहे, म्हणजे ज्याच्या कळफलकावर ते उमटत नाही त्यालाही शोधता येईल. एवढ्यावरही ती र मध्येच घालायची ठरली, तर निदान दऱ्या, वऱ्हाड आणि शेतकऱ्यांना हे शब्द त्या मजकुरात आडवी रेघ न मारता छापावेत, अशी विनंती पत्राच्या शेवटी केली आहे.