खाली भात, वर भाजी

गच्चीतल्या कुंडीत टोमॅटो लाल झाला, ही बातमी घरात सर्वांत शेवटी मला कळते. बुलबुलाला ती आदल्या संध्याकाळीच कळलेली असते. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका असा हा गृहस्थ अख्खा टोमॅटो खाईल तर शपथ! मंडईत द्राक्षं चाखत पुढे सरकणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो प्रत्येकाला एकेक चोच मारतो. उरलेलं आम्ही खायचं.

मेथीला दोन पानं फुटली की चिमण्या हजर. दर २० मार्चला सोसायटीच्या ग्रुपवर चिमणीसाठी गळा काढणाऱ्यांत मीही असते, त्यामुळे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात सासूबाई रोज सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर भाताची मूद ठेवतात. खाली भात, वर भाजी. पाखरांचं पान वाढून तयार!

सासरे बार्शीकडचे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून गोफणीने पाखरं राखलेला माणूस. “गोफण वळून देऊ का, सूनबाई?” म्हणाले. मी समोरच्या गच्चीवरचे सोलर पॅनेल पाहिले आणि नको म्हटलं. त्याऐवजी ह्यांचा जुना शर्ट घालून बुजगावणं उभं केलं. समोरच्या काकू विचारत्या झाल्या, “तुमचे हे दिवसभर उन्हात उभे असतात, जेवायला तरी बोलवा हो!” कावळा तोवर ‘ह्यांच्या’ खांद्यावर बसून पाव खात होता.

मग कुणीसं मिरचीचं पाणी फवारायला सांगितलं. खोकून खोकून मी बेजार, पोपट मजेत. मिरचीतलं कॅप्सेसिन झोंबतं ते आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांना. पक्ष्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. मिरचीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आपण बी दाढेखाली भरडतो, पक्षी ते सगळं गिळून लांब नेऊन टाकतात. तिचं आमंत्रण पाखरांनाच होतं; ठेच्याच्या आशेने आगंतुक घुसलो ते आपण.

शेवटी जाळी लावली. पाखरं थांबली. चोच न लागलेला, गुळगुळीत टोमॅटो कौतुकाने चिरला, तर आत हिरवी, गुबगुबीत अळी निवांत जेवत होती. सासरे म्हणाले, “बुलबुल पिल्लांना असल्याच अळ्या भरवतो. तू राखणदारच हाकललास.”

मी जाळीची एक बाजू गुंडाळून ठेवली. सासूबाईंना कळल्यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “मग उद्यापासून भातही वरच ठेवते. बिचाऱ्यांना खालीवर जिने कशाला चढायला लावायचे?”