पन्नास पैशांच्या आत

कोल्हापुरात बदलीवर येणाऱ्या मनुष्यास पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न हटकून विचारले जातात. रस्सा तांबडा की पांढरा, हा पहिला. आणि पेठ कोणती, हा दुसरा. पहिल्यास ‘दोन्ही’ असे उत्तर देऊन सुटका करून घेता येते, दुसऱ्यास येत नाही. आणि तो प्रश्न वरकरणी बिऱ्हाडाच्या पत्त्याविषयीचा दिसत असला तरी वस्तुतः फुटबॉलविषयीचा आहे, हे कोकणातून आलेल्या माझ्यासारख्या मास्तराच्या ध्यानात येईपर्यंत फार उशीर झालेला होता, कारण तोवर मी नानांच्या माडीवर बिऱ्हाड मांडून तीन महिन्यांचे भाडे आगाऊ भरून बसलो होतो.

नाना मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यास आता बारा वर्षे होत आली. कचेरी सुटली, परंतु कचेरीची भाषा सुटली नाही. दूधवाला दोन दिवस आला नाही तर नाना त्याची कैफियत मागवतात, नातवाने प्रगतिपुस्तक दडवले तर त्यास लेखी समज देतात, आणि काकूंच्या हातून आमटीत मीठ जास्त पडले तर भांडण न करता, हात धुताना, तेवढाच एक शेरा मारून मोकळे होतात. साऱ्या नोकरीत कोणाचा चहा फुकट प्यायले नाहीत अशी त्यांची पेठेत ख्याती आहे. असा हा सर्वतोपरी शहाणा, हिशेबी आणि पापभीरू गृहस्थ, दिवाळीचे फटाके थंडावले की उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, आपले चित्त, वित्त आणि रक्तदाब अशा एका संघाच्या स्वाधीन करतो, की ज्या संघाने त्याला आजवर एकाही रविवारी रात्रीचे जेवण धड गोड लागू दिलेले नाही.

त्या संघाचे नाव मी सांगणार नाही. मला अद्याप त्याच माडीवर राहावयाचे आहे. जर्सीचा रंगही सांगत नाही, कारण कोल्हापुरात रंग सांगणे म्हणजे सातबारा दाखविण्यासारखेच आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही सारी मातबर मंडळी. त्यांच्या पंक्तीत आमच्या तालमीचेही पान मांडले जाते खरे, परंतु वाढपी तेथवर येईतो भात संपलेला असतो.

परगावच्या वाचकास एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती ही की येथील फुटबॉलचा संघ हा पुष्कळदा आधी तालीम असतो. संस्थानच्या आश्रयाने वाढलेल्या कुस्तीचा तो वंशज; आत लाल मातीचा हौद, कोनाड्यात मारुती, भाद्रपदात गणपती आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेले बूट अशी त्या वास्तूची एकूण व्यवस्था. ज्या मातीत आजोबांनी जोर मारले, त्याच तालमीच्या नावाची जर्सी घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. तेव्हा संघ आवडला नाही म्हणून दुसरा धरावा, ही कल्पना तेथे आडनाव आवडत नाही म्हणून शेजाऱ्याचे लावावे, इतकी चमत्कारिक ठरते. ‘लग्नात मला सांगितलं, मुलगा कारकून हाय,’ काकू म्हणतात, ‘वतनदार हाय, हे कुणी सांगितलं न्हाई.’

या वतनाचे दप्तर नानांनी मोठ्या निगुतीने राखलेले आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडी वही, तिच्यात हाताने आखलेले रकाने: अनुक्रमांक, तारीख, प्रतिपक्ष, निकाल, कारण आणि शेरा. कारणांची वर्गवारी दोनच प्रकारची. अस्मानी आणि सुलतानी. पश्चिमेकडचे ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत गेले, अवकाळी सर आल्याने चेंडू जड झाला, ही अस्मानी. आणि ऑफसाइड नसताना पंचाने शिट्टी फुंकली, ही सुलतानी. आपले खेळाडू वाईट खेळले या नावाचा तिसरा वर्ग त्या वहीत नाही. मी एकदा तशी सूचना केली असता, ‘शासनाच्या नमुन्यात बदल करायचा अधिकार आपल्याला न्हाई, मास्तर,’ असे मला सांगण्यात आले.

परंतु नानांच्या बुद्धीचा खरा विलास पाहावयाचा तर तो पैसेवारीत. शेतसाऱ्याशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्याकरिता सांगतो की, गावचे पीक रुपयाला किती पैसे आले याचा सरकारी अंदाज म्हणजे पैसेवारी. प्रथम नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशा तिच्या तीन पायऱ्या असतात, आणि नानांच्या नोकरीच्या काळी अंतिम आकडा पन्नास पैशांच्या आत आला की गाव टंचाईच्या यादीत जाऊन वसुलीला स्थगिती, परीक्षा फीला माफी वगैरे सवलती मिळू लागत. उभी हयात या आकडेमोडीत घालविलेल्या नानांनी तीच पद्धत आपल्या संघास लागू केलेली आहे. हंगामाच्या आरंभी, सराव पाहून आल्यावर, ते मोठ्या उमेदीने नजरअंदाज पैसेवारी जाहीर करतात, आणि ती बहात्तर पैशांच्या खाली मी कधी ऐकलेली नाही. संक्रांतीच्या सुमारास सुधारित पैसेवारी येते, ती अठ्ठेचाळीस. अंतिम आकडा ते तोंडाने सांगत नाहीत. वही माझ्यापुढे सरकवून चष्मा पुसू लागतात. गतवर्षी तो एकोणतीस होता. त्या संध्याकाळी घरात टंचाई जाहीर झाली, आणि काकूंनी आणावयास सांगितलेल्या मिक्सरच्या खरेदीस पुढील हंगामापर्यंत स्थगिती मिळाली.

प्रत्यक्ष सामन्यास मी त्यांच्यासमवेत प्रथम गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सिमेंटच्या पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, हलगी आणि घुमकं यांनी कानठळ्या बसलेल्या, आणि त्या गदारोळात नाना मात्र वर्तमानपत्राची चौघडी पसरून, तिच्यावर बसून, पिशवीतून लिंबाची एक फोड काढून शांतपणे चोखत होते. घसा टिकला पाहिजे म्हणून. मध्यंतरापर्यंत त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. उत्तरार्धात आम्हाला पेनल्टी मिळाली. पेठ उभी राहिली, नाना बसून राहिले. आमच्या आघाडीच्या खेळाडूने चेंडू ठेवला, दोनदा उचलून पुन्हा ठेवला, जर्सीच्या बाहीने कपाळ पुसले, धावला, आणि तो चेंडू गोलच्या आडव्या खांबावरून असा गेला की तो परत आणावयास पोराला बाहेरच्या रस्त्यावर जावे लागले. मागच्या पायरीवरून खेळाडूच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला, तेव्हा नाना प्रथमच मागे वळले आणि न्यायासनासमोर नजीर दाखल करावी अशा स्वरात म्हणाले, ‘१९४८. लंडन ऑलिंपिक. फ्रान्सविरुद्ध आपल्या भारताच्या संघानं एक न्हाई, दोन पेनल्ट्या घालवल्या. त्यातली एक शैलेन मन्नांसारख्यानं घालवली. दोन-एकनं हरलो. बहुतेक पोरं अनवाणी खेळली होती. त्यांना कुणी शिव्या दिल्या का?’ मागचा तरुण गप्प झाला. नजिरीने त्याचे समाधान झाले असे नव्हे. १९४८ साल म्हणजे किती वर्षांपूर्वीचे, हा हिशेब त्याला जमेना.

नजिरींचा हा साठा नानांपाशी अक्षय्य आहे. आशेचे दिवस असले की ते मेलबर्न काढतात: १९५६, नेव्हिल डिसोझांचे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल, भारत चौथा. दोन-तीन गोलांनी हरून आलो की ब्राझील निघते, जे २०१४ साली स्वतःच्या घरी, उपांत्य सामन्यात, जर्मनीकडून सात-एक असा मार खाऊन बसले होते. हेलसिंकीचा, म्हणजे १९५२ साली युगोस्लाव्हियाने आपल्याला दहा-एक हरविल्याचा, दाखला मात्र त्यांनी वर्ज्य मानलेला आहे. प्रतिकूल नजीर आपण होऊन दाखल करू नये, हा वकिली संकेत ते कसोशीने पाळतात.

एका हंगामात तालमीने वर्गणी जमवून नायजेरियाहून एक धिप्पाड तरुण आणविला. नानांनी निवृत्तिवेतनातून भर घातली, किती ते काकूंना अद्याप ठाऊक नाही, आणि हा लेख त्यांच्या वाचनात येऊ नये अशी माझी प्रार्थना आहे. पहिला सामना हरल्यावर हा तरुण आमच्या कट्ट्यावर मिसळ खात बसला होता. कटाचा दुसरा घोट घेतल्याबरोबर त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. नाना हे दुरून पाहात होते. त्यांना ते पराभवाचे अश्रू वाटले, आणि ‘परमुलखातला पोर, पण जीव लावला बघा,’ असे म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला. पुढच्या हंगामात तो तरुण चार पैसे अधिक देणाऱ्या दुसऱ्या तालमीकडे गेला आणि त्याने आमच्याविरुद्ध दोन गोल केले. मला वाटले, आता तरी नाना चिडतील. त्यांनी फक्त वहीत नोंद केली: ‘कूळ गेले. वहिवाट खंडित.’

नातवाची तऱ्हा निराळी. त्याने घराण्याचे वतन नाकारून अर्जेंटिना धरलेली आहे. २०२२ च्या डिसेंबरात मेसीच्या हाती विश्वचषक आला त्या रात्री पेठेत फटाके वाजले, मोटारसायकली फिरल्या, आणि हा मुलगा खांद्यावर निळा-पांढरा झेंडा टाकून पहाटे घरी आला. नाना जागेच होते. त्यांनी त्याला समोर बसविले आणि विचारले, ‘ह्याच्या आधी कधी जिंकलावतास?’ मुलगा म्हणाला, ‘शहाऐंशीला.’ नानांनी बोटांवर मोजले. ‘छत्तीस वर्षं,’ ते म्हणाले. ‘म्हणजे आपली मुदत अजून संपलेली न्हाई.’ आणि अनेक महिन्यांनंतर प्रथमच त्यांना शांत झोप लागली.

एवढे झाल्यावर मला राहवले नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध पीत असता मी धीर करून म्हटले की, नाना, निष्ठा आपल्या जागी असू द्या, पण खेळाचा आनंद म्हणून एखाद्या वर्षी पाटाकडीलचे सामने पाहावयास काय प्रत्यवाय आहे? नानांनी पेला खाली ठेवला. मिशीवर दुधाची साय लागलेली होती, त्यामुळे त्यांच्या मुद्रेवरील संतापास यावी तशी धार आली नाही. पण आवाज मात्र मी पूर्वी कधी ऐकला नव्हता इतका हळू होता. ‘मास्तर, आजवर जेवढा जीव ह्यात घातला, ती सगळी थकबाकी हाय. येणं हाय आमचं. आज दुसरीकडं गेलो तर ती रक्कम निर्लेखित करावी लागंल. आणि निर्लेखनाची मंजुरी वरनं यावी लागती. अव्वल कारकुनाला तो अधिकार न्हाई.’

मला वाटते, या जातीच्या मनुष्यास आपण उगाचच भाबडा समजतो. तो भक्त नव्हे, सावकार आहे. आणि बुडीत कर्जाच्या सावकाराइतका एकनिष्ठ प्राणी ईश्वराने दुसरा निर्मिलेला नाही. ऋणकोची तो स्वतः वाटेल तेवढी निंदा करील, परंतु तो दिवाळखोर आहे असे दुसऱ्या कोणास बोलू देणार नाही, कारण त्यात त्याच्या मुद्दलाची बेअब्रू असते. मंगळवारी संघास ‘शेणामातीचे गोळे’ म्हणणारे नाना बुधवारी त्याच कारणावरून सख्ख्या मेहुण्याशी दोन वर्षे अबोला धरून बसले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या महिन्यात नाना देवदर्शनास गेले असता ती लाल वही माझ्या हाती लागली. दुसऱ्याचे दप्तर उघडू नये हे मला कळते. पण मी ते उघडले. शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या सुबक मोडीवळणी अक्षरात, अकरा ठिकाणी एकच नोंद होती: ‘मास्तर हजर.’ निकालाचा रकाना पाहिला. नऊ पराभव, दोन बरोबरी. अस्मानी आणि सुलतानी यांच्या पलीकडे तिसरा वर्ग नाही, ही माझी समजूत चुकीची होती.

मी काही बोललो नाही. परंतु वहीचे पान मी वेडेवाकडे मिटले असावे, कारण शनिवारी रात्री जिन्यात नानांनी माझ्या हाती एक चतकोर कागद दिला. ‘उद्याच्या सामन्यास मास्तरांनी गैरहजर राहावे. निकाल यथावकाश कळविण्यात येईल.’ खाली पोच म्हणून त्यांनी माझी सही घेतली. मी आज्ञा पाळली, दिवसभर वह्या तपासल्या. संध्याकाळी संघ तीन-शून्य हरला. रात्री नाना माडीवर आले, वही उघडून त्यांनी नवी नोंद मला स्वतः दाखविली. कारण: सुलतानी. शेरा: ‘मास्तर गैरहजर.’

पुढील सामना रविवारी आहे. मला अद्याप कोणताही आदेश प्राप्त झालेला नाही.