बटणबंद काका

प्रत्येक सोसायटीत एक बटणबंद काका असतात. तुम्ही खोलीबाहेर पाऊल टाकायचा अवकाश, दिवा गेलाच. पाणी प्यायला उठलात तरी परत येईपर्यंत पंखा थांबलेला. बाथरूममध्ये माणूस असताना दिवा घालवल्याचीही उदाहरणं आहेत. आतून ओरड झाली की काका शांतपणे म्हणतात, "मग आत आहे म्हणून सांगायचं ना!" २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आली, पण काकांच्या तोंडी अजून एमएसईबीच. "एमएसईबी काय तुझ्या मामाची आहे?" हे ते भाच्याला विचारतात तेव्हा मामा म्हणजे आपणच, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

काकांचं वीजशास्त्र डोळ्यांवर आणि कानांवर चालतं. जे उजळतं आणि जे आवाज करतं, ते वीज खातं. म्हणून मिक्सरवर त्यांचा दात. खरं तर ५०० वॉटचा मिक्सर चटणीपुरता दोन मिनिटं फिरवला, तर एका युनिटात अशा साठ चटण्या होतात. पण तो घरभर बोंबलतो ना! सॉकेटला रिकामा लटकणारा मोबाइलचा चार्जर दिसला की काका घरच्यांची खरडपट्टी काढतात. हल्लीचा बरा चार्जर तसा वर्षभर लटकला तरी एखाद-दोन युनिटांच्या पुढे जात नाही.

गिझर मात्र काकांच्या लेखी गुणी बाळ. उजेड पाडत नाही, आवाज करत नाही. सहाला त्याचं बटण दाबायचं, मग पेपर, मग चहा, मग पेपरातल्या राशिभविष्यावर काकूंशी वाद, आणि मग आंघोळ. टाकी तापली की तो आपोआप थांबतो हे कबूल. पण पाणी निवायला लागलं की पुन्हा सुरू होतो. आणि नुसतं पहिल्यांदा तापायचं म्हटलं, तरी १५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे पाऊण युनिट लागतं. तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी तीन दिवस, तीन रात्री जळतो. काकांनी दिवसभर घरात पळून विझवलेले दिवे त्यांच्या स्वतःच्या आंघोळीतच वाहून जातात.

शेवटी नववीतल्या नातीनं त्यांना खाली मीटरपाशी उभं केलं आणि स्वतः वर गेली. घरातलं सगळं बंद, फ्रिजसुद्धा. हॉलमधला एकच ९ वॉटचा दिवा चालू. मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्यांच्या मीटरवर ३२०० लिहिलं होतं, म्हणजे तो तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. काका टक लावून बघत राहिले. "अगं, मीटर बंद पडलंय!" असं ते फोनवर म्हणेपर्यंत दोन मिनिटं झाली आणि दिवा एकदा लुकलुकला. मग तिनं २००० वॉटचा गिझर लावला. आता सेकंदाला जवळजवळ दोनदा. काकांनी मीटरवरचा फ्लॅट नंबर वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि विचारलं, "हे शेजाऱ्यांचं तर नाही?"

काका सुधारले, पण आपल्या पद्धतीनं. आता ते पाहुण्यांच्या इस्त्रीखालचं लेबल वाचतात आणि जेवताना "एक हजार वॉट!" असं जाहीर करतात. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं, हा समज मात्र सुटलेला नाही. चढा दर फक्त शंभरापुढच्या युनिटांना लागतो, हे बिलावरच टप्प्याटप्प्यानं छापलेलं असतं. पण बिलाची ती बाजू बारीक अक्षरात असते, आणि वाचायला दिवा लावावा लागतो.

तुमच्या घरी असे काका असतील तर वाद घालू नका, त्यांना मीटरपाशी न्या. फक्त नंतर फ्रिज आठवणीनं चालू करा.