साडेचार एकरांचा तोरा

फ्रान्सच्या बर्गंडीत रोमाने-कोंती नावाचं द्राक्षाचं वावर आहे. जेमतेम साडेचार एकर. आपल्याकडे एवढ्या जमिनीच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. तिथे मात्र वर्षाकाठी वाइनच्या पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि जगभरचे कुबेर रांगेत उभे राहतात. तिथली 1945 सालची एक बाटली 2018मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 5 लाख 58 हजार डॉलरला गेली. आता ती उघडायला हात धजावेल कुणाचा?

ओकची नवी पिंपं महाग, वेलीवर घड मोजकेच ठेवायचे, माल वर्षानुवर्षं तळघरात पडून. कबूल. पण याने भाव दहापट चढेल, हजारपट कसा? बाकीचा भाव वर्णनाचा. ओली माती, जुनं चामडं, तंबाखू! आमटीला असा वास आला असता तर पातेलं थेट मोरीत रिकामं झालं असतं.

2008च्या एका अमेरिकी प्रयोगात एकच वाइन कधी 10 डॉलरची, कधी 90ची म्हणून पाजली. नव्वदची जास्त आवडली. मेंदूच्या स्कॅननेही दुजोरा दिला.

हे मर्म रूडी कुर्नियावान नावाच्या भामट्याने हेरलं. घरीच वाइन मिसळून, जुनाट लेबलं डकवून त्याने भल्याभल्या जाणकारांना गंडवलं. 2014मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. संशय आला तोही चवीवरून नव्हे. लेबलावर असं साल होतं, की तेव्हा त्यावर नाव असलेला उत्पादक ती वाइन करतच नव्हता.