पेढ्यांची घाई नको

डेन्व्हर, रविवार

ती. बाबांना सा. न.

परवा फोनवर तुमचा नातू म्हणाला, "आजोबा, मला रँग्लर व्हायचंय," आणि तुम्हाला पुढे बोलवेना. पाठोपाठ आईचा फोन, की तुम्ही पेढे सांगून आलात. म्हणून हे पत्र.

बाबा, तुमचा रँग्लर केंब्रिजचा. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पु. परांजपे 1899 साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि ती पदवी त्यांच्या नावाआधी कायमची चिकटली. चिरंजीवांचा रँग्लर वायोमिंगचा. सुट्टीत एका रँचवर राहिलो होतो, तिथे पहाटे कुरणातले घोडे वळून कुंपणात आणणाऱ्या मिशाळ गड्याला रँग्लर म्हणतात. त्याची टोपी पाहिली आणि आमच्या घरात करिअर ठरलं.

मला वाटलं, दोन वेगळे शब्द असतील. पण इंग्रजीत 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणं, आणि इकडे अमेरिकेत गुरं-घोडे वळणंही. केंब्रिजात एके काळी परीक्षा म्हणजे लॅटिनमधून तोंडी वाद असे, म्हणून पहिल्या वर्गात येणारे ते हुज्जतखोर, रँग्लर! 1890 साली फिलिपा फॉसेटने सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण मिळवले, तर 'सीनियर रँग्लरच्या वर' एवढंच जाहीर झालं. बाईमाणसाला किताब नाही. हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात भांडले.

ऑनर्सच्या यादीत जो शेवटचा, त्याला मुलं लाकडी चमचा देत. 1909 सालचा शेवटचा चमचा तर होडीच्या वल्ह्याचा केला होता. आमच्याकडचं प्रगतिपुस्तक पाहता नंबर त्या वल्ह्याकडून मोजायला घ्यावा.

तुमचे जावई ऑफिसात 'डेटा रँगलिंग' करतात. म्हणजे विस्कटलेले आकडे हाकत आणून रांगेत उभे करायचे. घरचे मोजे अजून कुरणातच आहेत.

हुज्जतीत मात्र नातू पास आहे. काल दात घासण्यावरून पाऊण तास चालली, तीही मराठीत.

पेढे आलेच असतील तर वाटा. कशाचे, ते सोसायटीत सांगू नका.

तुमची,
बेबी